कैलासवासी आत्याची चाल

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. लिहिणारी माणसं वेगळी असतात, आणि आमच्या घरात आजवर त्यांच्यातलं कोणी झालेलं नाही. माझं आतापर्यंतचं लेखन म्हणजे परीक्षेचे पेपर, गल्लीतल्या लोकांचे रेशनकार्डाचे आणि पेन्शनचे अर्ज, आणि एका शेजाऱ्याच्या म्हशीच्या विम्याचा दावा, जो मंजूर झाला. त्यापलीकडे अनुभव नाही. तरी हे लिहायला बसलो, कारण मी एका जिवंत बाईला तीन महिने मेलेली ठेवलं, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. हे वाचून ज्यांना माझा राग येईल त्यांनी रांगेत उभं राहावं. पहिला नंबर आत्याचा आहे.

आमचे आजोबा खानदेशातून रेल्वेत खलाशी म्हणून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. बाबा देवासगेटला ऑटो चालवतात. बारावीच्या पुढे गेलेला घरातला पहिला माणूस मी, आणि तोही आत्यामुळे. निकाल लागल्यावर बाबांनी मला दुसऱ्या ऑटोवर बसवायचं जवळजवळ ठरवलं होतं. आत्या उज्जैनच्याच कडेला असलेल्या भैरवगढहून आली, आमच्या ओट्यावर बसली आणि बाबांना म्हणाली, "तुझी ऑटो कुठे पळून जातेय? चार वर्षांनी पण तिथेच उभी असेल. पोराला शिकू दे." बाबा गप्प राहिले. आमच्या घरात मोठ्यांच्या पुढे गप्प राहणं म्हणजे होकार. हा रिवाज लक्षात ठेवावा, पुढे याच रिवाजाने घात केला.

कॉलेजात गेल्यापासून मला सगळं येतं असं गल्लीत धरून चालतात. विजेचं बिल का वाढलं, रक्ताच्या रिपोर्टात काय लिहिलंय, हज आणि हरिद्वार यांचे फॉर्म, सगळं माझ्याकडे. 'मला माहीत नाही' हे वाक्य मी अजून नीट शिकलेलो नाही. जिभेवर येतं आणि तिथेच बसून राहतं.

माधव नगरात आपल्या लोकांचं एक मंडळ आहे. त्याच्या दोन कपाटांच्या वाचनालयात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मराठी पुस्तकं घ्यायला जायला लागलो. तिथले सचिव, बँकेतून निवृत्त झालेले, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी एकदा चष्म्यावरून बघून विचारलं, "काय रे, गातोस का?" मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्यांनी माझं नाव वृंदगानाच्या यादीत लिहून घेतलं होतं.

वृंदगान म्हणजे चौदा जणांनी एकत्र गायचं, पण सगळ्यांनी एकच सूर नाही. बायकांची एक ओळ वरून जाते, पुरुषांची एक खालून, आणि मधेच त्या एकमेकींना भेटतात. हे सगळं बसवायच्या आमच्या बाई, शाळेत तीस वर्षं संगीत शिकवलेल्या. त्यांनी माझा आवाज ऐकला, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "तू सा धर. बाकीचे चढतील, उतरतील, भांडतील. तू जागचा हलायचं नाहीस." तेव्हापासून मी शेवटच्या ओळीत भिंतीला पाठ लावून सा धरत आलो. या कामात मला कोणी कधी नावं ठेवली नाहीत. कौतुकही केलं नाही.

मंडळाची गाणी नऊ होती. नऊच्या नऊ थोर संगीतकारांची, सगळ्यांना पाठ. एवढी पाठ, की पहिल्या रांगेतले एक गृहस्थ आमच्या एक शब्द पुढे गायचे. तिसऱ्या गाण्यानंतर लोक बटाटेवडे घ्यायला उठत, कारण चौथं लांबलचक आहे हे माहीत. आठवं सुरू झालं की चौकीदार मागच्या खुर्च्या गोळा करायला लागे. एकदा कार्यक्रमाच्या आधी तो बाईंना म्हणाला, "बाईजी, आज आठवा गाना पहले ले लो ना. मुझे शादी में जाना है।"

बाई पुढच्या रविवारी तालमीला आल्या त्या ठरवूनच.

"यापुढे अर्धी गाणी थोरांची, अर्धी विसरलेल्यांची," त्या म्हणाल्या. "चाली फक्त नऊ माणसांनी लावल्या का? कोणी मास्तर असतील, कोणी पोस्टात असतील, बायका तर किती असतील. त्यांचं कोण गाणार?"

काकांना घाम आला. "म्हणजे मोठ्यांना काढायचं?"

"काढायचं कोण म्हणतंय? पाटावरून उठवायचं नाही. थोडं सरकून घ्या म्हणायचं."

हे सगळ्यांना पटलं. विसरलेले संगीतकार शोधून आणायचं काम प्रत्येकाला मिळालं, आणि मी कॉलेजात असल्यामुळे मला जास्त मिळालं. आठ दिवसांनी अकरा विसरलेले संगीतकार जमा झाले. त्यातले आठ सभासदांचे आजोबा होते. एकाच्या आजोबांची चाल म्हणजे घरोघरी म्हणतात ती आरतीच होती, फक्त हळू. "आजोबांना दमा होता," नातवाने खुलासा केला. बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं आणि पाच चाली निवडल्या. एका पोस्टमास्तरांची, एका शाळामास्तरांची, एका राजवाड्यावरच्या कारकुनाची जुन्या वहीत सापडलेली, आणि दोन खरोखर चांगल्या आजोबांच्या.

"एकही बाई नाही," त्या म्हणाल्या.

इथे मंडळाचा एक नियम सांगायला हवा. मंडळ हयात संगीतकाराची चाल गात नाही. काही वर्षांपूर्वी गायलं होतं. तो संगीतकार पहिल्या रांगेत बसला आणि सुरुवातीपासून नाही-नाही अशी मान हलवत राहिला. दुसऱ्या कडव्याला उठून मंचावर आला, गाणं थांबवलं आणि लोकांसमोर पुन्हा शिकवायला लागला. काकांनी दुसऱ्याच दिवशी नियम लिहून काढला. त्यामुळे कार्यक्रमाच्या कागदावर प्रत्येक संगीतकाराच्या नावाआधी 'कै.' छापलेलं असतं. आमच्याकडे आदराची सुरुवातच तिथून होते.

तर एकही बाई नाही असं बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काही आणलं नाहीस?"

मी आणलं नव्हतं. इंटरनेटवर तीन रात्री घालवून मला जे सापडलं ते सगळं आधीच प्रसिद्ध होतं. पण 'नाही' जिभेवर बसून राहिलं, आणि त्याच्या जागी तोंडातून एक ओळ निघाली. सा सोडून मी पहिल्यांदाच काही गात होतो.

आधी रेघ गं, मागून भर,
वेल चालू दे काठाकाठावर;
नदी नेईल ते नेऊ दे,
उरेल तेवढं अंगावर.

हे आत्याचं गाणं. आत्याचा नवरा लवकर गेला. ती भैरवगढला राहिली आणि छत्तीस वर्षं एका कारखान्यात कापडावर ठसे मारले. आधी रेघेचा ठसा, मग आतला रंग भरायचा ठसा. लांब कापडावर दोघी दोन टोकांनी काम करायच्या. दोघींचा हात एका गतीने चालला नाही तर काठाची वेल मधे जुळत नाही. म्हणून तिने गाणं रचलं. शब्द तिचे, चाल तिची. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदा धरला आणि काम सुटलं. मी लहानपणी सुट्टीत तिच्याकडे असायचो तेव्हा हे गाणं ऐकून ऐकून जेवण पचायचं.

बाईंनी हार्मोनियमवर सूर शोधला. "कोणाची चाल?"

"आमच्या आत्याची."

काका पुढे झुकले. "हयात नाहीत ना?"

मी गप्प राहिलो. मोठ्यांचं वाक्य खोडायचं कसं, ते कळेना. बुटाकडे पाहत होतो. काकांना वाटलं मला भरून आलंय. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "राहू दे, राहू दे. बोलू नकोस." तोवर बाईंच्या हाताला चाल लागली होती आणि पहिल्या ओळीतल्या बायका ती उचलायला लागल्या होत्या. आत्याची चाल, आठ गळ्यांतून. ती इतकी चांगली आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आता तोंड उघडलं तर हे थांबेल आणि कागदावर पुन्हा एकही बाई नाही असं होईल, एवढंच डोक्यात आलं. मी सा धरला.

मग काका म्हणाले, "दोन मिनिटं उभे राहू या." सगळे उभे राहिले. मीही राहिलो. दोन मिनिटं किती लांब असतात हे ज्याला माहीत नसेल त्याने एकदा आपल्या जिवंत आत्यासाठी उभं राहून पाहावं.

बाईंना बाकीची कडवी हवी होती. सकाळच्या ऑटोने भैरवगढला गेलो. आत्या दारात तांदूळ निवडत होती.

"आज आत्या कशी काय आठवली?"

"असंच."

"असंच कोणी इकडे येत नाही. लोक कापडाला येतात, कालभैरवाला येतात, नाहीतर जेलात कोणाला भेटायला येतात. तुझं काय?"

"तुझं ते रेघेचं गाणं पाहिजे. पूर्ण."

"कशाला?"

"कॉलेजात लागतं."

"कॉलेजात हे शिकवतात? मग मला का नाही घेतलं?"

पण ती खूश झाली. डाव्या हाताची मूठ लाकडी पाटावर मारत तिने पूर्ण गाणं म्हटलं, मी फोनवर घेतलं. "प्रत्येक ओळीनंतर थांबायचं," ती म्हणाली. "ठसा रंगाच्या तबकात बुडवून आणेपर्यंत. मग ठेवायचा आणि दोन ठोके. ठोक्याशिवाय पुढची ओळ उचलायची नाही, वेल तुटते."

हे रेकॉर्डिंग मी तालमीत ऐकवू शकलो नाही, कारण शेवटी आत्याचा आवाज येतो, "झालं का रे? चहा टाकू?" कैलासवासी बाई चहाचं विचारते, हे काकांना कसं समजावणार? म्हणून मीच गाऊन दाखवलं. आणि मंडळाच्या टेबलावर मूठ मारायची मला लाज वाटली, म्हणून ठोके गाळले. ओळ म्हणायची, थांबायचं, पुढची ओळ.

"या जागा रिकाम्या का?" बाईंनी विचारलं.

"आत्या थांबायची."

बाईंनी डोळे मिटले. "हे दुःखाचं थांबणं आहे."

"वैधव्य," काका हळूच म्हणाले. पहिल्या ओळीतल्या एका काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

ठसा बुडवतायत, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण काकूंचे डोळे खरोखर ओले होते.

तीन महिने तालमी चालल्या. ती रिकामी जागा कोणालाच जमेना. चौदा माणसं एकत्र गाऊ शकतात, चौदा माणसं एकत्र गप्प बसू शकत नाहीत. कोणी खोकायचं, कोणी आधी उचलायचं, आणि एक गृहस्थ प्रत्येक वेळी रिकाम्या जागेत 'अहाहा' म्हणायचे. बाई वैतागायच्या. "आत्या किती मोठ्या कलावंत असतील बघा. एकट्या बाईला जे जमलं ते आपल्याला जमत नाही." मी भिंतीला आणखी टेकायचो.

काकांनी फोटो मागितला. आत्याचा वेगळा फोटो आमच्याकडे नव्हता. मावसबहिणीच्या लग्नातला एक होता, त्यात आत्या दाल-बाफल्याची थाळी हातात घेऊन तोंडभर हसतेय. काकांनी तो निरखून पाहिला. "किती प्रसन्न. हातात काय आहे?"

"प्रसाद," मी म्हणालो. एक खोटं बोललं की पुढची सोपी जातात, हे मात्र खरं. काकांनी थाळी कापून फक्त चेहरा मोठा करून आणला.

मला भीती नव्हती. आत्या माधव नगरला सहसा येत नाही. शेवटची आली होती ती दाढ काढायला. पण मी आईला हिशेबात धरलं नव्हतं. आईला मी एवढंच सांगितलं होतं, की मंडळ आत्याचं गाणं गाणार आहे. आईला अभिमान वाटला. आई अभिमान वाटला की गप्प बसत नाही.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला. हॉलच्या दारात टेबलावर त्या दिवशीच्या संगीतकारांचे फोटो मांडले होते, हार, उदबत्ती आणि पाकळ्यांचं तबक. येणाऱ्याने पाकळ्या वाहायच्या आणि पुढे जायचं. मी पडद्याच्या फटीतून पाहत होतो. आई दिसली. तिच्या मागे आत्या, तिने स्वतः छापलेली लाल काठाची साडी नेसून.

आत्या फोटोंपाशी आली. एकेकाला पाकळ्या वाहत सरकत होती. शेवटच्या फोटोपाशी थांबली. आईने तोंडावर हात धरला. आत्याने फोटो पाहिला, हार पाहिला, मग हातातला कागद नाकाजवळ धरून वाचला. ती चौथी पास आहे, 'कै.' तिला वाचता येतं.

मागे रांग खोळंबली होती. कोणीतरी म्हणालं, "ताई, चला ना पुढे."

आत्याने पाकळ्या उचलल्या आणि स्वतःला वाहिल्या. हार एका डोळ्यावर आला होता तो सरळ केला. नमस्कार केला आणि सातव्या रांगेत पंख्याखाली जाऊन बसली.

थोरांची गाणी झाली. विसरलेल्यांची झाली. पोस्टमास्तरांच्या चालीला तर लोक वड्यांना उठलेच नाहीत. मग काका माईकवर आले. "पुढची चाल भैरवगढच्या एका कष्टकरी कलावंत स्त्रीची. आयुष्यात त्यांना कोणी ओळखलं नाही. आज त्या जिथे असतील तिथून ऐकत असतील."

त्या सातव्या रांगेत, भिंतीकडून तिसऱ्या खुर्चीवर होत्या. सगळ्या हॉलमध्ये हे फक्त तिघांना माहीत होतं.

आम्ही सुरू केलं. आधी रेघ गं, मागून भर. आणि थांबलो. मी मनात मोजायला लागलो, आणि हॉलमधून आवाज आला. धप्, धप्.

पुढच्या खुर्चीच्या लोखंडी पाठीवर मूठ. त्या खुर्चीवरचे गृहस्थ उडालेच. पण कोणी काही बोलायच्या आत आमची दुसरी ओळ निघाली होती, चौदा गळ्यांतून एका क्षणी, तीन महिन्यांत पहिल्यांदा. वेल चालू दे काठाकाठावर. थांबलो. धप्, धप्. बाईंनी मान वळवून हॉलकडे पाहिलं. तिसरी ओळ. चौथ्या वेळी बाईंनी स्वतः हार्मोनियमच्या कडेवर मूठ मारली. दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धा हॉल ठोके देत होता. चौकीदार उचललेली खुर्ची हातात तशीच धरून उभा होता.

टाळ्या वाजत असताना मी सातव्या रांगेकडे पाहिलं. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

मंचामागच्या खोलीत मी काका आणि बाईंना सगळं सांगितलं. काका खुर्चीवर बसले. "मग आपण दोन मिनिटं कोणासाठी उभे राहिलो?"

काकांनी चष्मा काढून पुन्हा लावला.

"त्याच दिवशी का नाही बोललास?"

"तुम्ही मोठे. मोठ्यांच्या मधे बोलणं बरं दिसत नाही."

"आणि आत्याला मारून टाकणं बरं दिसतं?"

बाईंचं लक्ष वेगळीकडेच होतं. "म्हणजे त्या जागेत ठोके आहेत. दोन. दुसरा जरा जड, हो ना? मी तीन महिने वैधव्य बसवत होते."

"बाई, नियम मोडला," काका म्हणाले. "हयात संगीतकार हॉलमध्ये होत्या."

"पण मान नाही हलवली त्यांनी. ठोके दिले. त्यात फरक आहे."

दुसऱ्या दिवशी मी भैरवगढला गेलो. आत्या पोळ्या लाटत होती. शेजारची एक बाई मटार सोलत बसली होती. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारणीला म्हणाली, "सांग त्याला, मेलेली माणसं चहा करत नाहीत."

शेजारणीने इमानदारीने मला सांगितलं, "भिया, वो बोल री है के मरे हुए लोग चाय नी बनाते।"

"त्यांना सांगा, माझं चुकलं."

"बोल रा है गलती हो गई।"

आत्याने पोळी उलटली. "विचार, फोटोत माझ्या हातातली थाळी का कापली. बाफले होते त्यात."

मी अर्धा तास उभा राहिलो. शेजारणीचे मटार संपले, ती उठून गेली, आणि मग आमच्या दोघांत बोलणारंच कोणी उरलं नाही.

जिने मला कॉलेजात पाठवलं तिनेच बोलणं टाकलं होतं. त्याच उन्हाळ्यात बी.ए.चा निकाल लागला. एम.ए.ला इंदूरला प्रवेश मिळाला. बाबांनी पेढे वाटले. आत्याकडे पेढे आईने नेले, आत्याने घेतले, पण माझ्यासाठी निरोप दिला नाही. मी इंदूरच्या खोलीत राहायला गेलो. आईचा फोन आला की मी एकच विचारायचो, "आत्या काही म्हणाली?" आई म्हणायची, "जेवलास का?" म्हणजे नाही. दोन महिने असं चाललं. तिथल्या मेसमध्ये दर गुरुवारी बाफले असायचे. मी गुरुवारी भात खायचो.

मग एका सोमवारी सकाळी, मी नळाखाली बादली लावून उभा असताना, आईचा फोन आला.

"ऐक," आई म्हणाली. "तुमच्या बाई आणि ते काका, दोघं काल भैरवगढला गेले होते. बाईंना म्हणे तो दुसरा ठोका येत नव्हता, झोप लागत नव्हती त्यांना. आत्याने दोघांना तिच्या जुन्या कारखान्यात नेऊन टेबलापाशी उभं केलं आणि हातात ठसे दिले. काकांची वेल तर कापडावरून खाली उतरून टेबलावर गेली."

"आत्या काही म्हणाली?"

"घे, इथेच बसलीय."

फोन हातातून हातात गेल्याचा खरखराट आला. मग आवाज.

"मी बोलतेय. कैलासवासी."

ठसा तबकात बुडवून आणायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. बादली भरून वाहायला लागली होती.

"आहेस का?"

"आहे, आत्या."

"तुझे ते साहेब कागद घेऊन आले होते. म्हणाले, चूक झाली, कै. काढून टाकतो, नियम पण बदलतो. मी म्हटलं, राहू द्या. छत्तीस वर्षं हे गाणं म्हटलं, कोणी कामातून मान वर केली नाही. कै. लावलं तर अख्खा हॉल गप्प बसतो. त्या गाण्यापुरती मी मेलेलीच बरी."

"आत्या, तसं नको."

"मधे बोलू नकोस. त्या दिवशी बोलायचं होतं तेव्हा बोलला नाहीस. दुसरं एक गाणं आहे माझं, नदीवर कापड धुवायचं. ते दिलंय त्यांना. त्याच्यावर जिवंत लिहायचं ठरलंय. आणि फोटो पूर्ण लावायचा, थाळीसकट."

"बरं."

"आणि तुझी जागा गेली. येत्या रविवारपासून सा मी धरणार आहे. बाई म्हणाल्या, तिथे जागचं न हलणारं माणूस लागतं. मी म्हटलं, तीन महिने मेलेली होते, मला सवय आहे."